जमुनाच्या तळव्यांची हळद

अमरावतीच्या कापूसबाजारामागच्या गल्लीत तानुबाई राहायची, आणि तिचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर होता. तोही एकाच डोळ्यावर असावा, दुसरा पहिल्यावर पाळत ठेवायला! दूधवाली पाणी घालते, तेली माप मारतो, सून माहेरी चुगल्या करते, असं तिला रोज नव्यानं कळायचं. त्यात सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चरकीवर सरकी काढणाऱ्या बायासुद्धा चांदीचे वाळे घालू लागल्या. तानुबाईनं नात जमुनाच्या गळ्यात घालायला सोन्याची पुतळी केली, आणि तेव्हापासून साऱ्या गल्लीच्या नजरा तिला पोरीच्या गळ्यातच दिसू लागल्या.

एकट्या शेजारच्या माणिकबाईला तिच्या घरात मोकळीक होती. माणिकबाईला मूलबाळ नव्हतं. दोघी एकाच चरकीवर बसायच्या, एक दांडा फिरवायची, दुसरी कापूस लावायची. जमुनाला गोवर निघाला तेव्हा उशाशी माणिकबाईच बसली. गोवर म्हणजे घरी आलेली देवीच, म्हणून घरात फोडणी बंद, बाहेरच्याचं पाऊल बंद. पुरळ मावळल्यावर रीतीप्रमाणे देवीची बोळवण झाली. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, खणानारळानं देवीला वेशीपर्यंत पोचवलं. त्या दिवशी माणिकबाईनं हौसेनं जमुनाच्या हातापायांच्या तळव्यांना, बोटांना हळद माखली.

पोर पुन्हा अंगणात बागडू लागली. आणि दोनेक आठवड्यांनी अंग फणफणलं. डोळे लालभडक, ओठ फुटलेले, हातपाय सुजून टम्म. पुढं बोटांच्या टोकांची साल निघायला लागली.

तानुबाईनं पोरीची बोटं उलटसुलट करून पाहिली. देवी तर मानानं गेली होती, ती उलटून कशाला येईल? म्हणजे हा ताप देवीचा नाही, कोण्या माणसानंच केलेला! आणि साल निघाली कुठं? जिथं हळद लागली तिथंच!

"तिच्या हाताची हळद लागली वं माह्या पोरीले," ती विहिरीवर सांगू लागली. "स्वतःची कूस रिकामी, दुसऱ्याचं लेकरू कसं पाहवन तिले?"

माणिकबाई मुगाचं पाणी घेऊन दारात आली. "तानु, पोरीले पाहू दे वं."

"पाय तं टाक आत, तंगडं मोडून ठेवीन!"

मग काय, विहिरीवरच्या बाया माणिकबाईपासून घागरी दूर सरकवू लागल्या. तिच्यासोबत चरकीवर बसायला कुणी तयार होईना. शेवटी ती बडनेऱ्याला भावाकडं निघून गेली.

तानुबाईचा मुलगा सूर्यभान, जमुनाचा बाप, जैनुद्दीन हकिमांना घेऊन आला. हकिमांनी पोरीची जीभ पाहिली, बोटं पाहिली आणि विचारलं, "गोवर झाला होता काय हिले?"

"तो तं कवाच गेला."

"गोवर जाते बाई, त्याची आग अंगात राहते कधी कधी. एलिचपुरात अशी लेकरं पाहिली मी. कोणी काही केलं नाई हिले."

याला माणिकबाईनंच पढवून पाठवलंय, हे तानुबाईनं तिथल्या तिथं ओळखलं! हकिमांनी दिलेला काढा मात्र पाजला. हळूहळू ताप उतरला, पोर भाकर मागू लागली.

मग पलीकडच्या दुर्गाबाईच्या नातवाला गोवर निघाला. त्याचीही बोळवण झाली, आणि त्यानंतर तेच लाल डोळे, तीच सूज, तीच साल. तो पोरगा गेला. माणिकबाई तर त्याच्या गोवराआधीच गाव सोडून गेली होती. तानुबाईनं दुसरं नाव शोधून पाहिलं. साऱ्या गल्लीची नावं मनात फिरवली, एकही बसेना. तेव्हा कुठं तिला स्वतःची लाज वाटली, आणि फार वाटली.

कापसाच्या गाडीत जमुनाला घेऊन ती बडनेऱ्याला गेली. माणिकबाई भावाच्या अंगणात कापसातला कचरा वेचत होती. जमुना धावत जाऊन तिला बिलगली.

"चाल घरी," तानुबाई म्हणाली. "चुकलं माहं."

माणिकबाईनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. वर न पाहताच बोलली, "पोरगी वाचली म्हून आली तू. गेली असती, तं आज काय घेऊन आली असती माह्या दारात?"

तानुबाईला खोटं बोलता येईना.

"धोंडा," ती म्हणाली.

माणिकबाईनं, ठाऊकच होतं अशी मान हलवली. जमुनाच्या हातात गुळाचा खडा दिला, तिला उचलून गाडीत बसवलं, आणि मागं न पाहता घरात निघून गेली.