धीट पिल्लू

ठिपकेवाल्यांकडून पिल्लू मिळवण्यापेक्षा नोकरी मिळवणं सोपं, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून ठिपकेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अंगभर काळे ठिपके असलेली डाल्मेशियन कुत्री वाढवता वाढवता त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं. गिऱ्हाईक आलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू. घरात दिवसभर कोण असतं? फिरायला कोण नेणार? म्हातारपणी टाकून तर देणार नाही ना? उत्तर पटलं नाही, तर चहा पाजून रिकाम्या हाताने परत. त्यांची पिल्लं स्वयंपाकघरात, माणसांच्या पायांत वाढायची. मिक्सर, छत्री, पाहुण्यांची पोरं, सगळ्याची त्यांना सवय लावलेली असायची. आणि वर ठिपकेवाले छातीठोकपणे सांगायचे, "आमच्या कुत्रीच्या घराण्यात दोष नाही. निघाला तर पिल्लू परत आणा, दार उघडं आहे."

बोलायला काय जातं?

या जातीत एखादं पिल्लू जन्मतः बहिरं निघतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. जनावरांच्या डॉक्टरांकडे कान तपासायचं यंत्रही होतं. पण आईचे कान चांगले, आजीचे चांगले, मग यंत्र कशाला, म्हणून या वेळी त्यांनी ते टाळलं. झोपलेल्या पिल्लांमागे नेहमीप्रमाणे स्टीलचं ताट तेवढं पाडलं. सगळी दचकून उठली. एक मात्र ढिम्म.

"बघ, कसं धीट आहे!" ते बायकोला म्हणाले.

"धीट की बहिरं?" भांडी विसळता विसळता तिने विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं!" ते खेकसले. पण मनात पाल चुकचुकली होती. पिल्लू जागं झाल्यावर त्यांनी त्याच्यामागे जाऊन जोरात पाय आपटला. पिल्लू वळलं. "झालं समाधान?" म्हणत त्यांनी विषय संपवला. फळ्यांची जमीन हादरते आणि ते पिल्लाच्या पायांना कळतं, हे बायकोच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं होतं.

ते पिल्लू एकट्या राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंनी नेलं. त्यांची तर तासभर उलटतपासणी झाली होती. पिल्लू हाक मारली तरी का बघत नाही, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ठिपकेवाले हसून म्हणाले, "धीट आहे हो ताई. कानाशी भोंगा वाजला तरी हलणार नाही." एवढं एकच वाक्य त्या दिवशी खरं होतं.

महिन्याभरात बाईंचा फोन आला. "भाऊ, याला ऐकू येत नाही हो. आज गाडीखाली येता येता वाचलं."

ठिपकेवाले पट्टा घेऊन निघाले. 'ताई, इतक्या लहानपणी हे कुणालाच कळत नाही,' हे वाक्य त्यांनी रस्ताभर घोळवलं.

बाई मशीनवर बसल्या होत्या. पिल्लू दाराकडे पाठ करून चिंध्यांशी खेळत होतं. ठिपकेवाल्यांनी सवयीने शिट्टी घातली आणि स्वतःच वरमले.

"शिट्टी नको," बाई म्हणाल्या. "पाय आपटा, लगेच वळतं. जमिनीतून कळतं त्याला. मला उशिरा उमगलं."

ठिपकेवाल्यांचा पाय उचलेना.

"आपटा की."

ते खाली बघत राहिले. बाईंनी मशीन थांबवलं.

"तुम्ही मला तासभर प्रश्न विचारलेत. मी एकच विचारते. तुम्हाला माहीत होतं?"

घोळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. ते गिळून ठिपकेवाले म्हणाले, "हो."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हातातला दोरा तोडला. "तेव्हा सांगितलं असतंत, तरी मी नेलं असतं. पट्ट्याशिवाय रस्त्यावर सोडलं नसतं, एवढंच."

"मी घेऊन जातो त्याला."

"कुणाकडे? तुमच्याकडे?"

बाईंनी पाय आपटला. पिल्लू वळलं, त्याने ठिपकेवाल्यांना पाहिलं आणि शेपटी हलवत धावत येऊन ते त्यांचे हात चाटू लागलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं.

रिकामा पट्टा घेऊन ते घरी आले, तर बैठकीत एक जोडपं वाट बघत होतं. कुत्रीच्या पुढच्या वेतातलं पिल्लू त्यांना हवं होतं.

"विचारा काका," नवरा हसत म्हणाला. "आम्ही अगदी तयारी करून आलोय."

ठिपकेवाले उभेच राहिले. "या कुत्रीला आता पिल्लं होऊ देणार नाही," ते म्हणाले. मग स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "एक बहिरं निघालं. ते मला माहीत होतं आणि मी त्याला धीट म्हणून दिलं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.