डिस्क पुसा

दामूमामा कॉम्प्युटर सुरू करताना आधी वाकून त्याच्या डब्याला कान लावायचे. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, मग आतून बारीक टकटक यायची आणि मामा डोळे मिटून ती ऐकत राहायचे. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं ऐकत काढली होती. "यंत्र खोटं बोलत न्हाई, पोरी," ते म्हणायचे, "आपल्यालाच आयकू येत न्हाई." मी तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला त्या टकटकीतलं काही कळायचं नाही, पण तसं सांगायची लाज वाटायची. मग मीही मान हलवायचे.

मामा आमच्या सगळ्या वस्तीचेच मामा. पिंपळवंडीत आमच्या बुद्धविहाराला लागून एक लहान खोली आहे. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेलं मशीन त्यांनी तिथं आणून बसवलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मामा मला 'इंजिनेर' म्हणायचे. मी इंजिनिअरिंग करत नाही, हे मी पुष्कळदा सांगून पाहिलं. ते म्हणायचे, "पाना हातात घेतला की इंजिनेर. कागदाचं नंतर बघू."

त्या मशीनमध्ये मामांचं एक फोल्डर होतं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'सांगणं'. वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या आठ म्हाताऱ्या माणसांना त्यांनी एकेक करून शेजारी खुर्चीवर बसवलं होतं आणि ती बोलत जातील तसं एका बोटानं टाइप केलं होतं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव कुणी, कसे उचलले, त्या दिवशी घरात काय शिजलं, गावच्या पाण्यावर पहिल्यांदा कोण गेलं, कोण घाबरून मागे राहिलं. पहिलं सांगणं मामांच्या आईचं होतं. त्या आठांपैकी पाच जण आता नाहीत. कागदावर यातलं काहीच नव्हतं, कारण मामांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? मामा म्हणाले, "ज्यांचं नाव सातबाऱ्यावर न्हाई, त्यांचं कुठंतरी टाइप झालेलं असावं. येवढंच."

गेल्या वर्षी मशीन बिघडलं. आधी अक्षरांच्या जागी ठोकळे दिसू लागले, मग ते अर्ध्यावरच थांबायला लागलं. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मी कॉलेजात नुकतंच शिकले होते आणि नवं शिकलेलं कुठंतरी वापरून दाखवायची मला घाई होती. एका नव्या लिनक्सची बीटा निघाली होती, आणि ती अथपासून इतिपर्यंत मराठीत होती. मी मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बीटा म्हंजी?"

"अजून पक्कं झालेलं नाही, मामा. लोकांनी वापरून चुका कळवायच्या."

"म्हंजी आपल्यासारखंच की! घाल मग."

मामांकडे एकच पेनड्राइव्ह होता. 'सांगणं'ची दुसरी प्रत त्याच्यावर होती. इन्स्टॉलर त्याच्यावर चढवायचा तर आधीचं सगळं जाणार होतं. मी म्हणाले, "मशीनमध्ये आहेच ना, मामा." ते म्हणाले, "तू म्हणतीस तर व्हय." दुसरा पेनड्राइव्ह कुणाकडून मागून आणायला मला एक दिवस लागला असता.

पहिल्याच दिवशी पडदा काळा पडला. सुरुवातीच्या ओळीत एक शब्द वाढवून मी तो उजेडात आणला. पेनड्राइव्हवरून ती सिस्टिम चालू झाली तेव्हा मामांनी आधी आपलं फोल्डर शोधलं. आठही फाइली जागेवर होत्या. त्यांनी आईची फाइल उघडली, दोन ओळी वाचल्या आणि लगेच मिटली. मग आम्ही 'शेजारी बसवा' हा पर्याय घेतला, म्हणजे जुनं तसंच ठेवून त्याच्या बाजूला नवं बसवायचं. अर्ध्याच्या थोडं पुढं जाऊन ते मेलं. दुसऱ्या दिवशीही तिथंच. पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या की मामा त्या मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी 'कर्नल पॅनिक' असं वाचलं, आणि कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा हे सांगायच्या आधी पॅनिक म्हणजे घाबरणं, एवढंच सांगितलं. मामा म्हणाले, "कर्नल घाबरला? मिल्ट्रीतला असून? मग आपलं काय घेऊन बसलीस!" आम्ही दोघं इतके हसलो की बाहेरून मामी बघायला आल्या. त्या खोलीत आम्ही हसलो ते तेवढंच.

तिसऱ्या दिवशी माझी प्रॅक्टिकल होती. मामांना म्हणाले होते, माझ्याशिवाय काही करू नका, करायचंच झालं तर फोन करा. त्यांनी फोन केला. मी लॅबच्या दारात रांगेत उभी होते, सर नावं पुकारत होते.

"इंजिनेर, आज ती शेजारीवाली ओळ दिसंना. येकच ओळ हाय. 'डिस्क पुसा' म्हनतंय. पुसू का?"

आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. आई मला रोज म्हणते, बापाला पूस, मास्तरला पूस. कॉलेजात मी हे सगळं इंग्रजीतच पाहिलं होतं. मराठीत त्या बटणावर काय लिहिलेलं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, आत काय काय आहे ते मशीन आता डिस्कला विचारेल, आणि मग शेजारीची ओळ दिसेल. आधी नाही का त्यानं भाषा विचारली, नाव विचारलं, गाव विचारलं? मी म्हणाले, "पुसा की, मामा. पुसायला काय जातंय?"

संध्याकाळी मी पोचले तेव्हा मशीन चालू होतं. नवंकोरं, सगळं मराठीत, पडद्यावर डोंगराचं चित्र. तीन दिवस अडलेलं एकदाचं बसलं होतं. मामा दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बसले होते. म्हणाले, "माजं फोल्डर कुठंय ते दाव बरं. मला गवसंना."

मी शोधलं. ते नाही हे मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं, तरी मी शोधत राहिले. शेवटी सांगितलं. मामा म्हणाले, "त्यानं परत इचारलं व्हतं गं. खात्री हाय का म्हणून. मी म्हनलं, पोरीनं सांगितलंय म्हंजी हाय." हे त्यांनी एकदाच म्हटलं. पुन्हा कधीच नाही.

गेलेलं परत मिळवायचे प्रोग्राम असतात. मी चार दिवस ते चालवले. आकड्यांच्या नावांच्या शेकडो फाइली निघाल्या, त्यांत कुठं अर्धी वेलांटी, कुठं नुसते ठोकळे. वारूळवाडीला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक जैन शेटजी आहेत, त्यांच्याकडे डिस्क नेली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि मामांच्या हातात परत देत म्हणाले, "भाऊ, याच्यावर नवं लिहिलं गेलंय. कुणी निघेल म्हटलं तरी जाऊ नका. मी खोटी आशा नाही दाखवत." मामांनी डिस्क टॉवेलात गुंडाळली आणि त्यांना नमस्कार केला.

बीटावाल्यांना कळवायचं मात्र मामांनी धरून ठेवलं. "चुका कळवायच्या म्हनलीस ना? कळव. लिव्ह, आमच्याकडं पुसणं म्हंजी इचारणं. तितं 'मिटवा' लिव्हा, 'सगळं जाईल' लिव्हा. दुसऱ्या कुणाचं जाऊ नये." मी माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर आहे, ही चूक नाही, तक्रार बंद करत आहोत. मी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. कोशात आपण कुठंयत?"

मग ते उरलेल्या तिघांकडे गेले. एकाला आता ऐकू येत नव्हतं. एकाला मुलानं चाकणला नेलं होतं, तो माणसं ओळखेनासा झाला होता. महाळुंगे पडवळच्या काशीआत्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे मीही मामांबरोबर गेले. आत्या शेंगा निवडत होत्या. मामांनी सगळं खरं सांगितलं, फक्त फोनचं सोडून. आत्या म्हणाल्या, "दामू, तवा चार दिस रडत सांगितलं तुला. आता परत न्हाई बाबा. तुज्याकडं दिलं म्हणून तर मी इसरले." मामांनी आग्रह केला नाही. त्यांच्याबरोबर थोड्या शेंगा निवडल्या आणि आम्ही निघालो. बसमध्ये ते म्हणाले, "गाडी दुरुस्त व्हती. माणसाचं सांगणं येकदाच." त्यानंतर ते खोलीत जायचे, मशीन लावायचे, पण वाकून कान लावताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

ते थंडीत गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि नारायणगावला पोचेपर्यंत संपलं. फोनवर मी काय म्हणाले होते, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मामींनाही नाही. वस्तीत अजून म्हणतात, म्हाताऱ्यानं नको ते बटण दाबलं. कुणी असं म्हणालं की मी खाली बघते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मामींनी मला खोलीत नेलं. म्हणाल्या, "ह्यात त्यांचं काय हाय का, बघ." होतं. एकच फाइल होती. तिच्यात एकाखाली एक आठ नावं, पहिलं त्यांच्या आईचं. प्रत्येक नावाखाली बरीच जागा मोकळी सोडलेली. सगळ्यात शेवटी दोन ओळी: 'यांनी सांगितलं होतं. माझ्या हातून गेलं.'

मामी शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी त्याखाली एक ओळ टाइप केली, 'पुसा असं मी सांगितलं होतं', खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि फाइल सेव्ह केली. मामींनी विचारलं, "काय लिव्हलंस गं?"

मी म्हणाले, "तारीख."