चिकाचे कैवारी

जंतूंबद्दल माझ्या साडूंइतक्या आपुलकीनं बोलणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण समोरचा प्रत्येक माणूस त्यांना अजून विद्यार्थीच वाटतो. मारुंजीच्या एका लग्नात, 'तुमच्या लाळेतसुद्धा जंतूंना आवरणारं प्रथिन आहे, अभिनंदन!' असा आशीर्वाद त्यांनी नवरदेवाला दिला होता. पौडला आमची म्हैस व्याली की खरवसाची वाटी ते परत करायचे. 'हा रेडकाचा वाटा,' म्हणायचे आणि गोठ्यात जाऊन आमच्या वतीनं रेडकाची माफी मागायचे. त्यांची स्कूटर दिसली की मी मागच्या दारानं रानात निघून जायचो. चांगल्या माणसाला इतकं टाळू नये, हे कळत असूनही जायचो.

यंदा माझी मुलगी आठव्या महिन्यातच बाळंत झाली. ती पौडच्या दवाखान्यात आणि बाळ बावधनच्या इस्पितळात, काचेच्या पेटीत. संसर्ग झाला तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईचं दूध आणायला त्यांनी बाटली दिली. दूध आलं जेमतेम चमचाभर, तेही पिवळं, चिकट.

"पिवाळं हाय त्ये, लेकराला बाधंल," माझी आई म्हणाली. "टाकून दे."

आमच्याकडे टाकायचीच रीत. मी बाटली घेऊन दवाखान्यातल्या मोरीकडे वळलो, तेवढ्यात साडू खोलीच्या दारात.

"साडूभाऊ, थांबा! म्हशीचा चीक गावभर वाटता आणि लेकीचा मोरीत ओतता?"

मी जागीच थबकलो.

"यातलं प्रथिन लोह धरून बसतं," ते म्हणाले. "जंतूंना वाढायला लोह लागतं. पंगत बसली, पण वाढपीच गायब! सगळे मरत नाहीत, पण त्यांची वाढ मंदावते."

"आन् न्हाई मंदावली तर?" आईनं विचारलं.

"तर डॉक्टर आहेतच, मावशी. पण आईनं दिलेलं आपण का टाकायचं?"

आईनं माझ्या हातातून बाटली घेऊन तिचं झाकण घट्ट लावलं. साडूंनी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली, डबा गळ्यात अडकवला आणि मला मागे बसवून स्कूटर काढली. भूगावच्या कोंडीत ते टेम्पोवाल्यावर ओरडले, "बाजूला घ्या, चीक आहे!"

"खरवस करताय व्हय काका?" तो हसला, पण वाट दिली.

तेव्हापासून रोज हीच फेरी. अखेर एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळला." मी तिथंच बाकावर बसलो. साडू मात्र श्रेय घेईनात. "औषधांनी केलं हो. आपण नुसता हातभार लावला."

बाळ घरी आलं, त्या दिवशी मुलीनं ते त्यांच्यापुढे धरलं. "जा रे, आजोबांकडे जा."

साडूंना मूलबाळ नाही. या नावानं त्यांना आजवर कुणी हाक मारली नव्हती. "हात धुऊन येतो," म्हणून ते गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेलो. नळ केव्हाच बंद झाला होता. ओले हात तसेच समोर धरून ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि सदऱ्याच्या खांद्याला डोळे पुसत होते. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि मुलीला म्हणालो, "येतायत ते. तू धरून ठेव त्याला."