पलीकडच्या काठावरून

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे नाना पृथ्वी तयार होताना हजर असते, तर ती अजून बाकावरच पडून राहिली असती. देव म्हणाला असता, "नाना, सोडा आता, माणसं वाट बघतायत." आणि नाना तिला बोटानं गरगर फिरवून, कान लावून म्हणाले असते, "थांब, आस जरा घासतोय." न तपासता नानांनी काही केलंय असं अख्ख्या जळगावात कुणी पाहिलेलं नाही. खुर्ची दोन्ही हातांनी दाबायची, हलवायची, मग तिच्यावर आधी बायकोला, अक्कांना, बसवायचं आणि अक्का शाबूत राहिल्या तर स्वतः. एसटीत चढताना ड्रायव्हरला विचारायचं, कंडक्टरला विचारायचं, आणि तरी शेजारच्या प्रवाशाला, "ही धुळ्यालाच जाते ना?" माझ्या ताईच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना यांना मांडवाची वायर जळल्याचा वास आला. अर्धा तास लाइट बंद. नवरदेव हातात हार धरून अंधारात उभा, आणि स्टुलावरून नानांचा आवाज, "घाई करू नका, संसार जन्मभराचा आहे!"

त्यांचं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. मोटर तारेनं भरून झाली की तीन दिवस नुसती चालवून बघायची. एकदा एरंडोलकडचा एक शेतकरी चौथ्यांदा हात हलवत परत निघाला तेव्हा दारातून विचारून गेला, "नाना, ही मोटर मनी शे का तुमनी?" माझी आहे की तुमची, असं. मी त्या शेतकऱ्याची नक्कल कॉलेजात करायचो. नानांचीही करायचो, आमच्या प्राचार्यांची तर त्यांच्या देखत करायचो. पण सगळ्यात छान जमायच्या त्या आमच्या अक्का. तो खणखणीत आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारा. अक्का स्वतः पदर तोंडाला लावून हसायच्या. "मेल्या, मनी नक्कल करस का? कर, कर, मी गेल्यावर कामी येईल."

आता होडीचं सांगतो. नानांच्या भाच्यानं आखातातून रिमोटची जोडी आणली होती, एक डबा हातात धरायचा आणि एक होडीत बसवायचा, आणि नानांनी तिच्याभोवती हातभर लांबीची शर्यतीची होडी बांधली. मोटर घरीच भरलेली, पंखा पितळी, होडीतला डबा पाणी लागू नये म्हणून रबरी फुग्यात बांधलेला. तो फुगा जत्रेतला असल्यामुळे त्याच्यावर मोर होता. घरामागच्या हौदात सोडून होडीचा तोल बघायचा. नाक बुडालं की सेलचा गठ्ठा बोटभर मागे, शेपूट बुडालं की अर्धं बोट पुढे. असा पावसाळा गेला. मग रिमोट किती लांबून पोचतो याची तपासणी. अक्का ओट्यावर होडी मांडीत घेऊन बसलेल्या आणि नाना गल्लीतून उलटे चालत लांब जाताहेत, हातातल्या रिमोटची एरियल मुद्दाम मिटवून, म्हणजे कमी ताकदीवरही पोचतो का ते कळावं. सुकाणू हललं की अक्का ओरडायच्या, "हालनं!" नानांना मागून गाय आडवी आली तरी समोरून "हालनं!" येतच असायचं.

खरी अडचण पाण्यात सुरू झाली. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खदान होती, तिच्यात काळं पाणी साचलेलं. तिथे सोडली की होडी जाताना झकास जायची. वळून यायला लागली की नानांची दांडी गुल! कारण होडीचं तोंड आपल्याकडे झालं की तिचा डावा हात म्हणजे आपला उजवा. हाताच्या बोटांवर अख्खी मोटर भरणाऱ्या माणसाला हे उलटंपालटं शेवटपर्यंत जमलं नाही. नाना डावीकडे दाबायचे, होडी खडकावर. मग अक्का पलीकडच्या काठावर जाऊन उभ्या राहायला लागल्या, कारण तिथून परतणाऱ्या होडीचा उजवा, म्हणजे अक्कांच्या बोलीत जेवना, हात तोच त्यांचाही. "अहो, जेवना हात! जेवना! आता डावा! काय करी राहिनात!" आणि त्या आवाजाच्या दोरीला बांधल्यासारखी होडी घरी यायची.

मग अक्का आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. डॉक्टरांनी मान हलवली तरी नाना अक्कांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. पाऊण तास. "नाना, उठा" म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

वर्षभर होडी कपाटावर होती. मग धुळ्याच्या एका कॉलेजनं तलावावर अशा होड्यांची शर्यत ठेवल्याचं कळलं. दोन फेऱ्या मारायच्या आणि होडी चालवणाऱ्याच्या पायाशी परत आणायची. काठावर ज्याची होडी तो एकटाच, बाकीच्यांनी दोरीमागे गप्प राहायचं. नाना माझ्याकडे आले. "तिला मी शब्द दिला होता, एकदा तरी एकट्यानं होडी घरी आणून दाखवीन. सवय होईपर्यंत तू पलीकडे उभा राहा." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "तिच्या आवाजात."

मला आधी हसूच आलं. मग खदानीवर गेलो तेव्हा ते गेलं. टळटळीत दुपार, वाऱ्याचं नाव नाही, पाणी डांबरासारखं. तिथे पाखरू बसत नाही हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. मी तोंड उघडलं, "अहो, जेवना हात!" खडकांवर आपटून तो आवाज परत आला तो जरा उशिरा, आणि जरा बारीक. पलीकडे नानांनी रिमोट छातीशी धरला. होडी सरळ आली.

चार दिवस असंच. मी आवाज देतोय तोवर होडी येते, मी थांबलो की खडकावर. पाचव्या दिवशी नाना वैतागून म्हणाले, "आता मधे बोलूच नकोस." मी तोंड घट्ट मिटलं. होडी वळली, तिचं नाक नानांकडे झालं, नानांनी पुन्हा उलटंच दाबलं. ती खडकाकडे निघाली आणि माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते उघडलं. "अहो, पाण्याकडे पाठ करा. मान मुरडून पाहा. मंग तुमना हात नि तिना हात एकच शे."

मला रिमोटमधलं ओ की ठो कळत नाही. ही युक्ती मला सुचणं शक्यच नव्हतं. आणि त्या वेळी खडकांवरून काहीच परत आलं नाही. पाण्यावर फक्त मोटारीची घरघर.

नानांनी विचारलं नाही, तपासलं नाही. सरळ पाठ फिरवली आणि खांद्यावरून बघत होडी पायाशी आणून लावली.

मी खदानीला वळसा घालून पळतच पोचलो. "नाना, देवाशपथ, ते मी..."

"ती दवाखान्यात मला हेच म्हणाली होती," नाना हळूच म्हणाले. "ह्याच शब्दांत. मी म्हटलं, आधी बरी हो, मग बघू. खोलीत आम्ही दोघंच होतो रे."

परत येताना आम्ही दोघंही रस्त्याच्या मधोमध चाललो होतो, कडेनं कुणालाच चालायचं नव्हतं. मी जाहीर केलं, आता मी फक्त जिवंत माणसांच्या नकला करणार. नाना म्हणाले, "चालेल. आता सवय झाली."

धुळ्याला चार होड्या होत्या. तिघेजण तलावाकडे तोंड करून उभे, आणि होडी परतीला वळली की आमचे नाना तलावाला पाठ दाखवून, मान मुरडून, रुसलेल्या नवऱ्यासारखे. दोरीमागे पोरं खिदळली. "काका, होडी तिकडं आहे!" नाना ढिम्म. एका होडीनं शर्यत जिंकली, टाळ्या वाजल्या, तोवर नानांची दुसरी फेरी अर्धी झाली होती. एक होडी मधेच बंद पडली, एक गवतात शिरली. नानांची मात्र खडकाला नाही, काठाला नाही, कशालाही न शिवता सरळ त्यांच्या टाचेपाशी येऊन थांबली. नानांनी खाली वाकून तिला उचललं. दोन्ही हातांनी. मग कितीतरी वेळ पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. तिथे कुणी नव्हतं, मीही बघितलं.

परतीच्या एसटीत होडी त्यांच्या मांडीवर होती, धोतराला ओल लागत होती. पारोळा गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदाच काढ ना तो आवाज. कुणी ऐकत नाही."

मी शपथ मोडली. घसा खाकरला, अक्कांसारखी मान तिरकी केली आणि म्हटलं, "अहो, जेवना हात." नुसता माझाच आवाज निघाला, फुटका, कॉलेजातल्या पोराचा. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "दमली असेल ती."