माझा ‘दोन’ आणि मोरितासानचा ‘सहा’

“डीप व्हेन थ्रॉम्बोसिस,” स्क्रीनवरची नजर न हलवता डॉक्टर म्हणाले.

मी मान डोलावली. एखादी गोष्ट कळली नाही की मी मान डोलावतो. सिंगापुरातल्या रॅफल्स प्लेसच्या माझ्या बँकेतल्या निम्म्या मीटिंगा मी याच जोरावर काढल्या आहेत. माझ्या बायकोने, माधवीने, मात्र सरळ विचारलं, “म्हणजे काय?”

म्हणजे पायातल्या खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी. माझ्या उजव्या पोटरीत ती गुडघ्यापर्यंत लांबलेली होती. “ती तिथेच राहिली तर पाय दुखतो, सुजतो,” डॉक्टर म्हणाले. “सुटून फुफ्फुसात गेली, तर मात्र आपल्याला घाई करावी लागते. पायाला मसाज वगैरे केला नाहीत ना?”

खोलीत आम्ही चौघं होतो. डॉक्टर, मी, माधवी आणि तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. आईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण ‘मसाज’ हा शब्द त्यांना बरोबर कळला. खोलीभर महानारायण तेलाचा वास सुटला होता आणि तो माझ्याच पायाला येत होता.

“नाही,” मी म्हणालो.

हे खोटं मी का बोललो ते सांगायला पाच आठवडे मागे जावं लागेल. कुणाच्या पायाला बूट किंवा प्लास्टर बांधलेलं असेल, तर त्याने हे सगळं जरा लक्ष देऊन वाचावं. हसायचं असेल तर हसावं, पण मग वाकून आपली पोटरी बघावी.

साधारण २०१५ची गोष्ट. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि यिशुन भागातल्या आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, दर शनिवारी सकाळी टेनिस शिकत होतो. शिकवायला मोरितासान यायचे; जपानीतलं ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. माणूस एक्केचाळीस वर्षांचा आणि अजून व्यावसायिक खेळाडू. अठराव्या वर्षी जपानमधून जे निघाले ते तेवीस वर्षं खेळतच होते. तुम्ही त्यांचं नाव ऐकलेलं नसणार. जागतिक क्रमवारीत ते कधी दोनशेच्या वर गेले नाहीत. मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या, आशियातल्या छोट्या गावांतल्या स्पर्धा, बसने प्रवास, रॅकेटची तार स्वतःच ओवायची. खांद्याची दोन ऑपरेशनं, गुडघ्याचं एक. आठवडाभर सिंगापुरात शिकवायचं आणि मग कुठेतरी जाऊन वीस वर्षांच्या पोरांशी खेळायचं.

मी ऑफिसात त्यांच्यावर प्रवचनं द्यायचो. “याला म्हणतात सहनशक्ती! दुखतंय म्हणून हा माणूस कधी थांबला नाही.” मोरितासानना मी याबद्दल कधी विचारलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं.

मग एका शनिवारी काँडोच्या दुहेरी स्पर्धेत मी नेटकडे धावलो आणि मागून कुणीतरी टाचेवर रॅकेट मारली असं वाटलं. मी वळून माझ्या जोडीदाराला चार शब्द सुनावले. तो बिचारा दहा फूट लांब होता. माझा अकिलीज टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी, अर्धा तुटला होता. आई ऐकताक्षणी म्हणाल्या, “धोंडशीर गेली.” एमआरआयला त्याच निदानासाठी दोन दिवस लागले.

ऑपरेशन लागलं नाही. गुडघ्यापर्यंतचा एक कडक बूट, कुबड्या आणि एक छापील कागद मिळाला. पोटरी सुजली, गरम लागली, दम लागला तर ताबडतोब या, असं त्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी तो कागद तीन आठवडे चहाच्या कपाखाली वापरला. ‘दम लागला’ या शब्दांवर कपाचा गोल डाग पडला होता, हे मी पुढे पाहिलं.

चौथ्या आठवड्यात पोटरी भरून आली, दगडासारखी. सारखं बसून आखडली असेल, असं मी ठरवलं. आईंनी तेलाची बाटली काढली. आता जावयाच्या पायाला सासूने हात कसा लावायचा? आणि मी तरी कसा लावू देणार? म्हणून आई खुर्चीत बसून सूचना देत आणि मी बूट काढून चोळत बसे. “वरून खाली नको हो, शिरीषराव. खालून वर. जोर लावा. बायकोवर ओरडता तेव्हा बरा जोर असतो!” पाच दिवस मी पोटरी इमानाने खालून वर चोळली. म्हणजे नेमकी हृदयाच्या दिशेने.

याच दिवसांत रॅफल्स प्लेसच्या एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनातून ऑफिसपर्यंत जाताना मी मध्येच थांबू लागलो. दम लागत होता. पण थांबताना मी फोन काढून बघायचो, म्हणजे लोकांना वाटावं काहीतरी महत्त्वाचा मेसेज आलाय. काही वेळाने मलाही तसंच वाटू लागलं.

पाचव्या आठवड्यात फिजिओथेरपीला गेलो. योगायोगाने पलीकडच्या खाटेवर मोरितासान होते, मध्ये एक अर्धवट ओढलेला पडदा. आमची फिजिओ मिस लिम ही शिस्तीची मुलगी. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. शून्य ते दहामध्ये दुखणं किती?

माझं दुखणं सात होतं. पण पलीकडे तेवीस वर्षांची सहनशक्ती पडून होती.

“दोन,” मी खणखणीत आवाजात सांगितलं.

मग ती पडद्यापलीकडे गेली. मोरितासानचा डावा घोटा किंचित मुरगळला होता. सूजसुद्धा नव्हती. त्यांनी पिशवीतून एक लहान वही काढली, पान बघितलं आणि म्हणाले, “काल संध्याकाळी चार. आज सकाळी सहा. उतरताना जास्त, चढताना कमी.”

मला हसूच आलं. एवढ्याशा घोट्याला सहा!

मिस लिम बर्फ आणायला गेली तसा मोरितासाननी पडदा बाजूला केला. त्यांचं इंग्रजी तुटक आहे, पण नेम पक्का. “पेंडसेसान, तुम्ही दोन म्हणालात. पण बसताना पाय हाताने उचलून ठेवलात.”

“सवय हो.”

“हा पाय त्या पायापेक्षा मोठा आहे. लाल आहे.” मग त्यांनी वही मिटली. “माझ्याबरोबर सुरुवात केलेले सगळे माझ्यापेक्षा चांगले खेळायचे. ते सगळे दोन म्हणायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी सगळे घरी गेले.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी मिस लिमला हाक मारली होती. तिने टेप लावली. उजवी पोटरी डावीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त. एरवी बोलकी मुलगी, पण एकदम गप्प झाली आणि तिने फोन उचलला. फिजिओ गप्प झाली की घाबरावं, हे मला त्या दिवशी समजलं. “अंकल, डोन्ट वॉक. आय गेट व्हीलचेअर,” ती म्हणाली. मोरितासान माझ्या कुबड्या धरून टॅक्सीपर्यंत आले. घरून माधवी आणि आई थेट इमर्जन्सीत पोचल्या. तिथे पोटरीवरून गार जेल लावून सोनोग्राफीची काठी फिरली, आणि मग तो प्रश्न आला.

“नाही,” मी म्हणालो ते आईंसाठी. आईंचा चेहरा पांढरा पडला होता. पाच दिवस त्यांनी माझ्याकडून काय करून घेतलं, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, एवढं एक खोटं चालून जाईल.

“खोटं बोलू नका, शिरीषराव,” आई मराठीत कडाडल्या. डॉक्टरही दचकले. “सांगा त्यांना. मी चोळायला लावलं म्हणून सांगा. माधवी, तू सांग!”

मी सांगितलं. किती दिवस, किती जोराने, कुठल्या दिशेने. डॉक्टरांनी चेहरा हलू दिला नाही. फक्त पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला. “दम लागतो?”

इथेही ‘नाही’ जिभेवर तयार होतं. पण समोर आई होत्या.

“लागतो. चार दिवस झाले. स्टेशनात थांबावं लागतं.”

माधवीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती अजून आठवते. तिने रागवायला हवं होतं. ती रागावली नाही, म्हणून मी घाबरलो.

सीटी पल्मनरी अँजिओग्राम, म्हणजे शिरेतून एक रंगद्रव्य सोडून फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “अंगात गरम लाट येईल. कपडे ओले झाल्यासारखं वाटेल, पण होत नाहीत.” लाट आली. बाहेर आल्यावर मी गुपचूप चाचपून बघितलं. त्या खरं बोलल्या होत्या.

मग वाट बघणं. भिंतीवरचं घड्याळ दुपारचे सव्वातीन दाखवत होतं. मी श्वास मोजायला लागलो. मोजला की श्वास चुकतो, आणि चुकला की वाटतं, आली गुठळी. आत घेतलेला प्रत्येक श्वास मी तपासून घेत होतो. डाव्या बाजूला बारीक टोचलं. ते आधीपासून होतं का? खोकलो, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणून पुढचा खोकला दाबला, मग वाटलं तो दाबायला नको होता. आई डोळे मिटून पुटपुटत होत्या. माधवी माझा एक मोजा हातात घेऊन बसली होती. तो तिच्याकडे कसा आला हे तिलाही माहीत नव्हतं.

शाळेच्या गणवेशातच ईशा आली, आमची पंधरा वर्षांची मुलगी. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि लाड करून घ्यायचे असले तर भांडण काढते. “बाबा, आर यू डायिंग ऑर नॉट?” 

“नॉट शुअर ला,” मी सिंगापुरी ढंगात म्हणालो.

तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि मग मराठीत म्हणाली, “असं नको ना बोलू.”

त्या क्षणी माझा सगळा विनोद संपला. हिला अजून रस्ता क्रॉस करताना मी लागतो, असं मला उगाच वाटलं. ती रोज एकटी एमआरटीने जाते.

सव्वापाचला डॉक्टर आले. पल्मनरी एम्बोलिझम. गुठळीचा लहान तुकडा सुटून उजव्या फुफ्फुसात अडकला होता. तुकडा लहान होता आणि हृदयावर ताण आला नव्हता. “आणखी आठवडाभर थांबला असतात तर मी हे इतक्या शांतपणे सांगत नसतो,” ते म्हणाले. पोटात पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं. अँटीकोॲग्युलंट, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध. ते गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर आपल्या वेळाने करतं.

चार दिवस वॉर्डात राहिलो. दुसऱ्या दिवशी कळलं की आईंनी तेलाची बाटली कचऱ्यात टाकली आणि तेव्हापासून त्या नीट जेवलेल्या नाहीत. मी डॉक्टरांना म्हटलं, आमच्या सासूबाईंना जरा समजवा. ते आईंसमोर खुर्ची ओढून बसले. “गुठळी बहुतेक पाय बांधून ठेवल्यामुळे झाली. मसाजने सरकली की आपोआप, ते कुणीच सांगू शकणार नाही.” भाषांतर माझ्याकडे होतं. पहिलं वाक्य सांगून दुसरं गिळता आलं असतं. त्यात माझा हातखंडा आहे. पण मी दोन्ही सांगितली.

आईंनी नेमकं दुसरं वाक्य पकडलं. “म्हणजे सरकलीही असेल.”

“असेलही, आई.”

“बरं झालं खरं सांगितलंत,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटातली इडली उचलून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मोरितासान आले. फळं नाहीत, फुलं नाहीत. एक कोरी वही. त्यांच्याकडे अशा तेवीस वर्षांच्या वह्या आहेत. रोज सकाळी खांदा, कंबर, गुडघा, घोटा, प्रत्येकापुढे आकडा. “मी ताकदवान नाही,” ते म्हणाले. “मला भीती वाटते. म्हणून लिहितो.” आणि मी ऑफिसात काय काय प्रवचनं दिली होती!

सहा महिने गोळ्या घेतल्या. दाढी करताना कापलं तरी जीव वरखाली व्हायचा. तिसऱ्या महिन्यात पोटरीत जरा चमक आली. हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, “पाच. काल तीन होती.” तपासलं, काही निघालं नाही. पलीकडून कुणीही हसलं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण हसतील या भीतीनेच आपण मरायला टेकतो.

पुढच्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत मोरितासानना बघायला गेलो. पहिल्याच फेरीत अर्ध्या वयाच्या मुलाकडून हरले. प्रेक्षक आम्ही अकरा होतो. कोर्टाबाहेर येऊन पाणी प्यायच्या आधी त्यांनी वही काढली. मी विचारलं, “आता किती वर्षं?” ते म्हणाले, “खांदा तीन आहे. बघू.”

मिस लिम, ते डॉक्टर आणि मोरितासान, या तिघांमुळे मी आज हे लिहितोय. आणि चौथ्या व्यक्तीचा पुण्याहून दर रविवारी फोन येतो.

“काय शिरीषराव, कसे आहात?”

वीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं, ‘मजेत’. त्या स्पर्धेनंतरच्या रविवारी मी म्हणालो, “टाच तीन, आई. बाकी शून्य. तुम्ही?”

“मी मजेत.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “शिरीषराव, तो आकडा दहापर्यंतच असतो ना?”

“हो.”

“मग माझा उजवा गुडघा आठ आहे. दोन वर्षं झाली. माधवीला सांगू नका.”

मी फोन स्पीकरवर टाकून माधवीच्या हातात दिला. “आई,” मी म्हणालो, “तुम्हीच सांगा.”