दसऱ्याच्या आत धोबी

आमच्या लग्नाला जेवढी वर्षं झाली, जवळजवळ तेवढी वर्षं आम्हा नवराबायकोचं एका पक्ष्यावरून भांडण चालू आहे. पक्षी म्हणजे धोबी. मूठभर जीव. पाठ राखाडी, तोंड पांढरंशुभ्र आणि शेपटी सारखी खालीवर, खालीवर. बघून आपली मान दुखेल, पण ती शेपटी थांबायची नाही. पावसाळा सरत आला की उत्तरेकडून निघतो आणि कृष्णाकाठी, कराडच्या अलीकडच्या आमच्या गावात, आमच्याच अंगणातल्या मोरीपाशी उतरतो.

आमचे हे फौजेत. लडाखला असताना ओढ्याकाठी हे धोबी बघायचे आणि रजा मंजूर झाली की फोन करायचे, "तुजा धोबी निगाला बग हितनं. त्यो आदी पोचतोय का मी, बोल!" पैज ठरलेली. धोबी आधी आला तर रजाभर भाकऱ्या ह्यांनी थापायच्या. हे आधी आले तर बुटांना पॉलिश मी करायचं.

पक्ष्यांचं वेड मात्र माझं, ते ह्यांना लागलं. माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडं हिवाळ्यात भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरायचे. वडील गोफण फिरवत घसा फुटेस्तोवर हाकारायचे आणि मी बांधावर उभी राहून आभाळात वळणारा तो थवा आ वासून बघायची. "अगं, हाकल की! का हळदीकुंकू लावतीस त्यास्नी?" असं वडील ओरडायचे. लावलं असतं, हाताला आल्या असत्या तर.

एका वर्षी हे एसटीतून उतरले तरी धोब्याचा पत्ता नाही. बुटांचा तो डोंगर डोळ्यांपुढं आला. मी बिनधास्त नदीकडं बोट दाखवलं, "त्यो काय, परवाच आलाय!" ह्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी दुर्बीण काढली. "पाठ काळीकुट्ट, भुवई पांढरी. ह्यो गावचा धोबी. बारा म्हैने हितंच दगडावर असतोय. पाव्हण्याची पाठ राखाडी असती. फौजीला येडं समजतीस व्हय?" झालं! महिनाभर पॉलिश घासलं, आणि वर प्रत्येक बुटागणिक पक्षीशास्त्र ऐकलं ते वेगळंच.

यंदा हे कायमचे घरी आले. ट्रंक आली, हे आले, आणि पाठोपाठ पुण्याहून निरोप आला. तिथल्या एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीची जागा आहे, दसऱ्याला कळवा. आमच्या गावात रिटायर झालेला फौजी घरी बसला की लोक चौकशी करतात, "बरं हाय न्हवं?" म्हणून. ह्यांनीही बॅग उघडून अर्धी भरून ठेवली.

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं रजेवरचा नवरा वापरला, आता कुठं पुरा मिळाला होता! पण 'राहा' म्हणून मी तोंडानं सांगायची नाही, आणि 'राहू का' म्हणून हे तोंडानं विचारायचे नाहीत. दोघंही एकाच मातीचे. शेवटी हेच म्हणाले, "पैज लावूया. दसऱ्याच्या आत धोबी अंगणात आला तर मी ऱ्हातो, वर भाकऱ्याबी मीच थापतो. न्हाई आला तर जातो."

"लावा की," मी म्हणाले. आत जाऊन देवापुढं हात जोडले.

पण पाऊस यंदा हटेना, आणि थांबला तसा कडक ऊन. माहेराहून भावजयीचा फोन आला, "वन्सं, आमच्या तलावावर आलाय तुमचा धोबी!" तिथं येऊन काय उपयोग? धोब्याला ओली जमीन लागते, किडे टिपायला. म्हणून हे पहाटे पळायला गेले की मी मोरीभोवती नळीनं पाणी मारू लागले. शेजारणीच्या मांजरीला दूध घालून तिकडंच अडकवलं. हे रोज चहाला रिपोर्ट द्यायचे, "उत्तरेकडून हालचाल न्हाई."

एका पहाटे उठायला उशीर झाला. धावत बाहेर गेले, तर अंगण आधीच ओलं! पाऊस नव्हता. आणि नळी गुंडाळून ठेवलेली, एकसारखी वेटोळी, टोक आत खोचलेलं. माझी नळी अशी कधी जन्मात नसते. आमच्या घरात असं गुंडाळणारा माणूस एकच.

असं व्हय! मी पदर तोंडाला लावून हसले. मग हसता हसता रडले. त्या दिवसापासून पाणी मारायचं काम मी त्यांच्यावर सोडलं आणि निवांत झोपले.

खंडेनवमीला कोयता, विळा, खुरपं मांडलं, त्यात ह्यांनी दुर्बीणही ठेवली. तिला झेंडू वाहिला. धोबी नाहीच. दसऱ्याच्या सकाळी मी दाराला तोरण बांधत होते, तेवढ्यात हे केवढ्यांदा ओरडले, "आला! आला गं!"

मी दुर्बीण घेतली. मोरीच्या कठड्यावर शेपूट नाचत होती. पाठ काळीकुट्ट. भुवई पांढरी.

मी हळूच ह्यांच्याकडं बघितलं. बुटागणिक मला शिकवणारा हा माणूस, कानापर्यंत लाल होऊन, तोरणाकडं बघत उभा.

"पाठ कसली हाय?" ह्यांनी विचारलं.

"राखाडी," मी म्हणाले. "चक्क राखाडी."

ह्यांनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला.

दिवाळीच्या तोंडाला एका सकाळी हे भाकरी थापत होते, पैज हरले होते ना. दोघांनी एकदमच खिडकीतून बघितलं. मोरीवर राखाडी पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा एक दमलेला जीव शेपटी हलवत 'चिसिक् चिसिक्' करत होता.

"ह्यो कोण आनि?" मी विचारलं.

ह्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "असंल कुणाचा तरी," म्हणाले. "आपला कवाच आलाय."