गडहिंग्लजच्या विहिरीतले बुडबुडे

मी कोल्हापुरात भूगर्भशास्त्र शिकत होतो, तेव्हा मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागून थोडीच वर्षं झाली होती. एका उन्हाळ्यात गडहिंग्लजहून मामाचा निरोप आला, लगेच ये. एसटीतून उतरलो तर तो स्टँडवरच उभा. घरी न नेता त्याने मला सरळ मळ्यात नेलं.

नव्या विहिरीवर पत्रे टाकले होते, कुणी बघू नये म्हणून. मामाने एक पत्रा सरकवला आणि नासक्या अंड्यासारखा वास आला. तळाच्या गढूळ पाण्यात बुडबुडे फुटत होते.

"काडी वडली की जाळ धरतंय," मामा हळूच म्हणाला. "समिंदरात तेल हाय, मग हितं का न्हाय?"

बांधावर बसून मी त्याला समजावलं. समुद्राचा तळ कोट्यवधी वर्षं खचत गेला, जिवांनी भरलेला गाळ थरावर थर साचला, खोल जाऊन बेताने तापला, तेव्हा तेल झालं. वर घट्ट थराचं झाकण मिळालं म्हणून टिकलं. आपल्याकडचे वाळूचे खडकही अशाच खचत गेलेल्या तळावर साचले, पण फार पूर्वी. तेव्हा जीवसृष्टीच तुटपुंजी. थोडंफार साचलं असेल तेही केव्हाच करपलं, नाहीतर निसटलं. हा वायू वरचाच आहे. शेजारच्या खड्ड्यात खतासाठी आणलेली साखर कारखान्याची मळी कुजतेय, ती विहिरीत झिरपतेय.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या पुस्तकात आपला मळा हाय व्हय?"

मग मी मामीकडून कोंबडी मागवली आणि टोपलीत बसवून दोराने खाली सोडायला लावली. वर काढली तेव्हा तिची मान लोंबत होती. मामी म्हणाली, या विहिरीकडं परत फिरकायचं न्हाय. मामाने पत्रा परत जागेवर ओढला. त्याला पटलं, असं मला वाटलं.

सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. मी, मामी आणि गडी मळ्याकडे पळालो. पत्रे बाजूला काढलेले. तेल शोधणाऱ्या मोठ्या साहेबांना पाणी दाखवायचं, असं तो रात्री गड्याला म्हणाला होता; ते भरून घ्यायला तो बाटली घेऊन उतरला होता आणि निम्म्यावरच्या टप्प्यावर पडला होता. मी उतरायला लागलो तसं गड्याने मला कमरेला धरून मागे खेचलं.

"खाली गेलासा तर दोघंबी जाशिला."

मामाने दोराचं एक टोक काठावरच्या झाडाला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, म्हणून वर ओढता आला. कोल्हापूरच्या दवाखान्यात तो वाचला, पण वाचा गेली. विहीर आम्ही बुजवून टाकली.

दिवाळीत गेलो तेव्हा दारात दोन अनोळखी माणसं आली. सायकलीला नवा दोर आणि पहार बांधलेली.

"पावणं, तेल लागल्याली हीर कुठली?"

तेल नाही, कुजलेल्या मळीचा विषारी वायू आहे, असं मी सांगितलं. मामाचं काय झालं तेही सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तेल लागलं म्हणूनच सरकारने विहीर बुजवली, असं त्यांनी ऐकलं होतं. नसेल सांगायचं तर राहू द्या, आम्ही आमच्या रानात खणतोय, मळी आमच्याकडेही आहे, मग तेलही लागेल, असं म्हणून ते ओढ्याच्या वाटेला लागले.

मामा उंबऱ्यात उभा होता. हात वर करून तो त्यांना काहीतरी सांगू पाहत होता. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.